सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि त्यांची पहिली नेमणूक

परिचारिकेचे किंवा डॉक्टरीचे शिक्षण पूर्ण झाले की घरात पहिला विषय निघतो तो नोकरीचा. अर्ज कोठे करावा? मोठ्या शहरातील नामांकित इस्पितळात करावा की आपल्याच जिल्ह्यात? घरापासून किती दूर जावे? पगार किती, रात्रपाळी किती, राहण्याची सोय कशी? आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना हा विषय चांगलाच परिचयाचा आहे. परिचारिकेचा पेशा पत्करून परगावी, परप्रांती आणि परदेशी गेलेल्या मुली आपल्या अनेक धर्मग्रामांत आहेत. त्यांच्या पहिल्या नेमणुकीचे पत्र आले तो दिवस त्यांच्या आईवडिलांना आजही आठवत असेल. आनंद आणि काळजी या दोन्ही गोष्टी त्या एकाच पाकिटातून घरात आलेल्या असतात.

अशाच एका पहिल्या नेमणुकीची ही कथा आहे. ती सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांची. त्यांचे नाव आपण सर्वांनी ऐकलेले आहे. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्या जीवनावर काढलेला 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट जुन्या पिढीतील अनेकांनी पाहिला आहे. परंतु पडद्यावरचा नायक पाहताना एक साधी गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. नुकतीच पदवी मिळालेला, पुढे काय करावे याचा विचार करीत असलेला एक तरुण या कथेच्या आरंभी उभा आहे. त्याने एक अर्ज केला, तो मंजूर झाला आणि तो कामावर रुजू झाला. पुढचे सारे त्या अर्जातून घडले. त्या बाजूने हे चरित्र पाहावे, असे आम्हांस वाटते.

सोलापुरातील बालपण

डॉ. कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. घर मध्यमवर्गीय आणि भरलेले होते. द्वारकानाथ यांना दोन भाऊ आणि पाच बहिणी. अशा घरात एका मुलाला डॉक्टर करणे म्हणजे बाकीच्यांनी आपापल्या गरजा थोड्या मागे ठेवणे, हे वेगळे सांगावयास नको.

त्या काळचे सोलापूर हे गिरण्यांचे शहर होते. १८७७ साली तेथे कापडाची पहिली मोठी गिरणी उभी राहिली. पुढे आणखी गिरण्या आल्या. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा शहराच्या रस्त्यांवर ऐकू येत. शेजाऱ्याची भाषा वेगळी असली तरी त्याच्याशी व्यवहार करता आला पाहिजे, हा धडा सोलापूरच्या मुलाला घराबाहेर पडताच मिळत असे. हा धडा द्वारकानाथ यांच्या फार उपयोगी पडला असावा, असे त्यांचे पुढील आयुष्य पाहून आम्हांस वाटते.

ते विशीच्या उंबरठ्यावर असताना सोलापुरात मोठी उलथापालथ झाली. १९३० च्या मे महिन्यात, महात्मा गांधींच्या अटकेनंतर, शहरातील लोक रस्त्यावर आले. काही दिवस इंग्रजांचा अंमल नावापुरता उरला आणि मग सरकारने मार्शल लॉ पुकारला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. सोलापूरची ओळख हुतात्म्यांचे शहर अशी झाली ती तेव्हापासून. परकी सत्ता आणि तिची बंदूक म्हणजे काय, हे त्या शहरातील तरुणांना कोणी पुस्तकातून शिकविण्याची गरज राहिली नव्हती.

परळचे शिक्षण

वैद्यकीय शिक्षणासाठी द्वारकानाथ मुंबईला आले आणि परळच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. हे महाविद्यालय आणि त्याला जोडलेले केईएम रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. देणगीदारांनी तेथे एक अट घातली होती. अध्यापकवर्ग भारतीय असावा, ही ती अट. वरची पदे गोऱ्या डॉक्टरांसाठी राखलेली असण्याच्या त्या दिवसांत हे मोठेच धाडस होते. भोवती गिरणगाव पसरलेला होता. यंत्रात हात सापडलेले कामगार, क्षयाने खंगलेले रोगी, अडलेल्या बाळंतिणी असे रुग्ण तेथे येत. गिरण्यांच्या शहरातून आलेल्या या विद्यार्थ्याला ते रुग्ण अनोळखी वाटले नसतील.

पदवी मिळाल्यावर ते पदव्युत्तर परीक्षेची तयारी करू लागले. शस्त्रक्रियेकडे त्यांचा ओढा होता. परीक्षा द्यावी, एखाद्या मोठ्या इस्पितळात जागा मिळवावी, पुढे सोलापुरात किंवा मुंबईत दवाखाना थाटावा, असा सरळ मार्ग त्यांच्या समोर होता. घरच्यांचीही तीच अपेक्षा असणार आणि त्या अपेक्षेत काहीच गैर नव्हते.

अर्ज

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. डिसेंबरात नानकिंग पडले आणि तेथील नागरिकांच्या कत्तलीने जग हादरले. चिनी सैन्याकडे माणसे होती, पण जखमींवर उपचार करणारे डॉक्टर फारच थोडे होते. आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू दे यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि औषधे पाठविण्याची विनंती केली. त्या वेळी सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. ३० जून १९३८ रोजी त्यांनी देशाला आवाहन केले. लोकांनी जमेल तशी वर्गणी दिली आणि २२,००० रुपयांचा निधी उभा राहिला. त्यातून एक वैद्यकीय पथक पाठविण्याचे ठरले.

द्वारकानाथ यांनी या पथकासाठी अर्ज केला. तेव्हा त्यांचे वय सत्तावीस होते. चीनविषयी त्यांना फारसे ज्ञान नव्हते. घरच्यांना तर त्याहूनही कमी. रेशमी कापड विकावयास येणारे चिनी फेरीवाले, एवढीच त्या देशाची घरात ओळख होती, असे त्यांच्या भगिनी मनोरमाबाई पुढे सांगत. आपला मुलगा इतक्या दूर, तेही युद्धावर जातो आहे, हे ऐकून आईला दुःख झाले. वडिलांनी मात्र त्यांच्या निर्णयाला आधार दिला.

या अर्जाचा आपण थोडा विचार करावा. ज्या जागेसाठी तो केला होता तिला बढती नव्हती. तेथे अनुभव मिळणार होता, पण त्या अनुभवाचे प्रमाणपत्र घेऊन पुढे कोणती जागा मिळेल, हे कोणी सांगू शकत नव्हते. परीक्षा अर्धवट राहणार होती. एखाद्या धोरणी माणसाने सल्ला दिला असता की आधी परीक्षा दे, मग पाहू. तो सल्ला चुकीचा म्हणता आला नसता. परंतु जखमींना वेळ नव्हता, आणि शिकलेली विद्या ज्याला आज हवी आहे त्याच्याकडे आजच गेली पाहिजे, असा कौल द्वारकानाथ यांच्या मनाने दिला.

पथकात पाच जणांची निवड झाली. अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल हे प्रमुख होते. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी जखमींची शुश्रूषा केली होती. नागपूरचे डॉ. चोळकर हे वयाने सर्वांत वडील. कलकत्त्याचे डॉ. देबेश मुखर्जी आणि डॉ. बिजय कुमार बसू हे दोघे, आणि पाचवे सोलापूरचे डॉ. कोटणीस. बसू यांची निवड मागाहून झाली होती. आधी निवडलेल्या एका डॉक्टरांना इंग्रज सरकारने पासपोर्टच दिला नाही, म्हणून ती जागा बसू यांना मिळाली. मुंबईत निरोपाची सभा झाली आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी पथक 'राजपुताना' या बोटीने निघाले. सोबत एक रुग्णवाहिका आणि औषधांच्या पेट्या होत्या.

रुजू होणे

हाँगकाँगमार्गे हे पाचही जण १७ सप्टेंबर रोजी कँटनला पोहोचले. डॉ. सन यत्‌सेन यांच्या पत्नी सूंग चिंग-लिंग यांनी त्यांचे स्वागत केले. तेथून ते हंकोला गेले. परंतु ऑक्टोबर संपण्यापूर्वीच ते शहर जपान्यांच्या हाती गेले. पथकाला जखमींबरोबरच माघार घ्यावी लागली आणि ते चुंगकिंगला पोहोचले. आपले काम नक्की कोठे आणि कोणाच्या हाताखाली, हेच काही महिने ठरत नव्हते. नव्या जागी रुजू होणाऱ्याला असा अधांतरी काळ काढावा लागतो. तो फार कंटाळवाणा असतो आणि परत जाण्याचा विचार याच काळात सर्वाधिक वेळा येतो.

डॉ. कोटणीस यांच्यावर तर याच वेळी सर्वांत मोठा आघात झाला. चुंगकिंगहून येनानकडे निघण्याची तयारी चालू असताना वडील वारल्याची बातमी आली. सहकाऱ्यांनी त्यांना घरी परतण्याचा सल्ला दिला. घरात आई होती, भावंडे होती, जबाबदाऱ्या होत्या. कोणी बोट दाखविले नसते. तरीही त्यांनी पुढे जाण्याचा निर्णय घेतला.

हा निर्णय योग्य होता काय? आम्ही येथे घाईने उत्तर देऊ इच्छित नाही. आईवडिलांचा सांभाळ हे आपल्याकडे पवित्र कर्तव्य मानले जाते आणि ते तसेच आहे. ज्या परिचारिका दूरदेशी असताना घरातील मृत्यूच्या वेळी येऊ शकल्या नाहीत, त्यांना हे दुःख चांगले ठाऊक आहे. ते आयुष्यभर सलते. डॉ. कोटणीस यांनाही ते सलले असणार. सोलापूरच्या घरानेही त्याची किंमत मोजली, आणि त्यांच्या थोरवीच्या गोष्टी सांगताना त्या घराचा वाटा विसरणे अन्यायाचे होईल.

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक येनानला पोहोचले. तेथे माओ यांनी त्यांची भेट घेतली. डोंगराच्या पिवळ्या मातीत खोदलेल्या गुहा हीच राहण्याची जागा, आणि इस्पितळही तशाच गुहांतून चाले. प्रत्येक डॉक्टरला चिनी नाव मिळाले होते आणि त्या प्रत्येक नावाच्या शेवटी चीन या अर्थाचे 'हुआ' हे अक्षर जोडलेले होते. डॉ. कोटणीस तेथे 'के दिहुआ' झाले.

आजारपण, वय आणि इतर कारणांनी चोळकर, मुखर्जी आणि अटल हे तिघे टप्प्याटप्प्याने भारतात परतले. मागे राहिले बसू आणि कोटणीस. १९३९ च्या अखेरीस हे दोघे आघाडीच्या मुलखाकडे निघाले. पुढे बसू यांना येनानला परत बोलावण्यात आले आणि १९४० मध्ये कोटणीस एकटेच वुताई पर्वताच्या परिसरातील सीमाप्रदेशात कामाला राहिले. जपानी सैन्याच्या वेढ्यात असलेला हा डोंगराळ मुलूख होता.

बेथून यांची जागा

या मुलखात त्यांच्या आधी एका परदेशी डॉक्टरने नाव मिळविले होते. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून १९३८ मध्ये तेथे आले. खेचरावर लादून नेता येईल असे शस्त्रक्रियेचे साहित्य त्यांनी तयार केले आणि लढाईच्या अगदी जवळ जाऊन जखमींवर उपचार केले. एका शस्त्रक्रियेत बोट कापले, त्यातून विष भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने तेथे इस्पितळ आणि आरोग्य शाळा चालू लागली. जानेवारी १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाच्या संचालकपदी डॉ. कोटणीस यांची नेमणूक झाली. तेव्हा ते केवळ तीस वर्षांचे होते.

पद मोठे असले तरी इस्पितळाला धड इमारत नव्हती. शेतकऱ्यांच्या घरांतून खाटा मांडलेल्या असत. जपानी फौज जवळ आली की रुग्णांना उचलून पुढच्या खेड्यात न्यावे लागे. औषधांची सदाच टंचाई. वापरलेल्या पट्ट्या धुऊन, उकळून पुन्हा वापरल्या जात. अशा ठिकाणी शस्त्रक्रियेतील कौशल्याइतकीच शुश्रूषेची गरज असते. जखम शिवणे हे अर्ध्या तासाचे काम, पण ती भरून येईपर्यंत स्वच्छ ठेवणे हे कित्येक आठवड्यांचे काम आहे. ते काम करणारे हात खेड्यांतून आलेल्या अल्पशिक्षित तरुणतरुणींचे होते. त्यांना शिकविल्यावाचून इस्पितळ चालणे शक्य नव्हते.

म्हणून डॉ. कोटणीस आधी स्वतः विद्यार्थी झाले. त्यांनी चिनी भाषा शिकण्यास आरंभ केला आणि इतकी प्रगती केली की ते त्या भाषेत रुग्णांशी बोलत, वर्गात शिकवीत. पुढे त्यांनी शस्त्रक्रियेवर पाठ्यपुस्तक लिहावयास घेतले. रुग्णाला कोठे दुखते हे त्याच्याच भाषेत समजून घेता आले नाही तर अर्धे निदान चुकते, हे परप्रांतात काम करणाऱ्या प्रत्येक परिचारिकेला पटेल. सोलापूरच्या इस्पितळातही मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगूचे चार शब्द येणारी सिस्टर रुग्णांना अधिक जवळची वाटते.

१९४० मध्ये ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत त्या भागात मोठी मोहीम चालली. जखमींची रीघ लागली. या काळात एका लढाईच्या वेळी डॉ. कोटणीस यांनी सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या आणि ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले, अशी नोंद आहे. त्यांनी स्वतःसाठी वेगळ्या सवलती मागितल्या नाहीत. इतरांसारखेच भरड धान्य खाल्ले, इतरांसारखेच कपडे घातले. सैनिक त्यांना प्रेमाने काळी आई म्हणत, असे तिकडे सांगितले जाते. आपल्या मराठीत शेतकरी ज्या जमिनीला काळी आई म्हणतो, तिची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. हजारो कोसांवरच्या शेतकऱ्यांच्या मुलांनी सोलापूरच्या एका पुरुष डॉक्टरला आई म्हणावे, यात शुश्रूषेचा सारा अर्थ आला.

एका परिचारिकेचा निर्णय

या कथेत आणखी एक पहिली नेमणूक आहे आणि ती परिचारिकेची आहे. ग्वो चिंगलान यांचा जन्म १९१६ चा. त्या बीजिंगच्या पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात परिचारिका होत्या. अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशाने उभे राहिलेले हे रुग्णालय चीनमधील अत्यंत नामांकित रुग्णालयांपैकी एक होते. तेथील जागा म्हणजे प्रतिष्ठा आणि स्थैर्य. शहर जपान्यांच्या ताब्यात होते, तरी अशा रुग्णालयाच्या भिंतीआड नोकरी टिकवून राहता आले असते.

त्यांच्या आयुष्याला वळण लागण्यास केथलीन हॉल ही ख्रिस्ती मिशनरी परिचारिका कारण झाली. हॉल या न्यूझीलंडच्या, अँग्लिकन पंथाच्या. १९२३ साली त्या चीनला आल्या आणि होपे प्रांताच्या एका खेड्यात त्यांनी लहानसे इस्पितळ चालविले. डॉ. बेथून यांच्या विनंतीवरून त्या बीजिंगला जाऊन औषधे विकत घेत आणि जपानी पहाऱ्यातून ती डोंगरात पोहोचवीत. आघाडीवर काम करण्यास तयार असणाऱ्या डॉक्टरांना आणि परिचारिकांनाही त्या वाट दाखवीत. हे जपान्यांच्या लक्षात आले, तेव्हा त्यांचे मिशन जाळण्यात आले आणि त्यांना देशाबाहेर काढण्यात आले. या हॉल यांच्याच मदतीने ग्वो चिंगलान १९३९ मध्ये बीजिंगची नोकरी सोडून सीमाप्रदेशात पोहोचल्या आणि बेथून आरोग्य शाळेत शुश्रूषा शिकवू लागल्या.

याच युद्धात उत्तर चीनमध्ये एक कॅथलिक धर्मगुरूही जखमींची सेवा करीत होते, याची येथे नोंद करावीशी वाटते. बेल्जियममध्ये जन्मलेले फादर व्हिन्सेंट लेब्ब यांनी चिनी नागरिकत्व स्वीकारले होते. आपल्या धर्मबंधूंना आणि स्वयंसेवकांना घेऊन त्यांनी जखमींना वाहून नेणारी पथके उभारली. कम्युनिस्टांनी त्यांना काही आठवडे अटकेत ठेवले. सुटकेनंतर थोड्याच काळात, २४ जून १९४० रोजी, चुंगकिंग येथे त्यांचे निधन झाले. म्हणजे ज्यांच्या सैनिकांवर डॉ. कोटणीस उपचार करीत होते, त्यांच्याच हातून आपल्या एका धर्मगुरूला त्रास झाला. इतिहास असा गुंतागुंतीचा असतो. डॉ. कोटणीस स्वतः १९४२ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले. ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. त्यांच्या राजकीय विचारांशी आपण सहमत असणे आवश्यक नाही. त्यांच्या खाटेवर आलेल्या जखमीकडे त्यांनी ज्या ममतेने पाहिले, तिचा आदर करण्यास मात्र कोणाचीच आडकाठी नसावी.

डॉ. बेथून यांच्या समाधीच्या समारंभात कोटणीस आणि ग्वो चिंगलान यांची प्रथम भेट झाली. पुढे एकाच संस्थेत काम करताना परिचय वाढला आणि १९४१ च्या अखेरीस त्यांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव 'यिनहुआ' ठेवण्यात आले. 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन.

अखेर

डॉ. कोटणीस यांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. अतिश्रम, अपुरी झोप आणि निकृष्ट आहार यांनी प्रकृती ढासळत गेली. चांगल्या उपचारांसाठी दुसरीकडे जावे, असे वरिष्ठांनी सुचविले. त्यांनी ते मानले नाही. झटका ओसरला की ते पुन्हा कामाला लागत. शिकविणे चालूच होते, पुस्तकाचे लेखन चालूच होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी पहाटे त्यांचे निधन झाले. वय अवघे ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. शस्त्रक्रियेवरील त्यांचे पुस्तक अपुरे राहिले.

येथेही आम्हांस एक गोष्ट स्पष्टपणे म्हणावीशी वाटते. स्वतःच्या आजाराकडे दुर्लक्ष करणे हा या चरित्रातील अनुकरण करण्याजोगा भाग नव्हे. युद्धाच्या वेढ्यात त्यांना पर्याय फारच थोडे होते. आज आपल्या इस्पितळांत काम करणाऱ्या मुलींनी मात्र सलग पाळ्या करून, उपाशी राहून, दुखणे अंगावर काढून सेवा करावी, असा बोध कोणी यातून काढू नये. ज्याला दुसऱ्याची काळजी घ्यावयाची आहे त्याने स्वतःची काळजी घेणे हाही सेवेचाच भाग आहे, आणि तशी सोय करून देणे हे इस्पितळ चालविणाऱ्यांचे कर्तव्य आहे.

डॉ. कोटणीस यांच्या मागे त्यांच्या कुटुंबाने पुष्कळ सोसले. यिनहुआ वडिलांप्रमाणेच वैद्यकीय शिक्षण घेत होता. शिक्षण पुरे होण्यापूर्वीच १९६७ मध्ये त्याचे निधन झाले. त्या आघातानंतरही ग्वो चिंगलान खचल्या नाहीत. त्या अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या आणि दोन्ही घरांतील नाते त्यांनी अखेरपर्यंत जपले. २०१२ च्या जून महिन्यात, वयाच्या ९६ व्या वर्षी, दालियन शहरात त्यांचे निधन झाले. पथकातील सहकारी डॉ. बसू १९४३ मध्ये कलकत्त्याला परतले. पुढे त्यांनी चीनमध्ये जाऊन अॅक्युपंक्चरची विद्या शिकून घेतली आणि तिचा भारतात प्रसार केला.

डॉ. कोटणीस यांची समाधी आज होपे प्रांतातील शिजियाझुआंग शहराच्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे. त्याच शहरात १९९२ मध्ये त्यांच्या चिनी नावाने एक वैद्यकीय शाळा सुरू झाली. नव्याने प्रवेश घेणारे विद्यार्थी आणि नव्याने रुजू होणारे कर्मचारी त्यांच्या पुतळ्यासमोर उभे राहून त्यांच्याप्रमाणे काम करण्याची शपथ घेतात. चीनने १९८२ साली आणि भारताने १९९३ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकिटे काढली. सोलापुरात त्यांच्या राहत्या घराचे जतन करून महानगरपालिकेने तेथे स्मारक उभारले. ते २०१२ मध्ये लोकांसाठी खुले झाले.

आपल्या मुलींसाठी

सोलापूरला जाण्याचा योग आला तर आपल्या तरुणांनी, विशेषतः नर्सिंगचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींनी, हे स्मारक जरूर पाहावे. तेथे त्यांना एक साधे, मध्यमवर्गीय घर दिसेल. आपल्यापैकी अनेकांच्या घरांसारखेच. अशा घरातून निघालेल्या तरुणाने अर्ज करताना आपली विद्या कोणाला सर्वांत अधिक हवी आहे, हा प्रश्न आधी विचारला.

हा प्रश्न विचारला म्हणजे प्रत्येकाने दूरदेशीच गेले पाहिजे असे नाही. घर चालवावयाचे असते, कर्ज फेडावयाचे असते, धाकट्या भावंडांची शिक्षणे असतात. पगाराचा विचार करून नोकरी निवडणाऱ्या मुलीला कोणी कमी लेखू नये. ती घरासाठी जे करते तीही सेवाच आहे. परंतु कोठेही रुजू झाले तरी काही गोष्टी तिच्या हाती राहतात. रुग्णाची भाषा शिकून घेणे तिच्या हाती आहे. आपल्याला येते ते शेजारच्या नवशिक्या मुलीला हातचे राखून न ठेवता शिकविणे तिच्या हाती आहे. ज्या रुग्णाला भेटावयास कोणीच येत नाही, त्याच्या खाटेपाशी दोन मिनिटे अधिक थांबणेही तिच्याच हाती आहे. यासाठी वरिष्ठांच्या परवानगीची किंवा बढतीची वाट पाहावी लागत नाही.

यंदा ज्या मुली पहिल्यांदाच इस्पितळाचा गणवेश अंगावर चढवतील, त्यांचे आम्ही अभिनंदन करतो. त्यांच्या आईवडिलांचेही. पहिल्या महिन्यात रडू येईल, घरची आठवण येईल, पाय दुखतील. तेव्हा त्यांनी घरी फोन करावा, मनातले बोलावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वेळेवर पाळीला हजर व्हावे.